बोटीची कच्ची शिलाई

धक्क्यावर अजूनही सांगतात की आत्यानं बोटीच्या इन्स्पेक्टरला केबिनमध्ये कोंडलं, बाहेरून कडी घातली आणि सही झाल्यावरच दार उघडलं. बर्फाच्या कारखान्यातला माणूस तर एक पाऊल पुढे. आतून इन्स्पेक्टर विनवण्या करत होता म्हणे, आणि बर्फवाला त्याचा आवाज असा काढतो की पिंपात मांजर पडलंय असं वाटावं.

सगळं खोटं. इन्स्पेक्टर बिचारा सबंध वेळ मोकळा फिरत होता, आणि 'हं' यापलीकडे त्याच्या तोंडून फारसं काही निघालंच नाही. कडी घातली होती एवढं मात्र खरं. आत होते दादा, आत्याचे सख्खे थोरले भाऊ, म्हणजे माझे बाबा. त्यांच्यावर ही वेळ का आली हे समजायचं तर त्या बोटीत वीज कशी शिरली ते आधी ऐकावं लागेल.

आत्या बोटींची कव्हरं शिवते. धक्क्याला लागलेल्या बोटींवरची जाड कॅनव्हासची छपरं, इंजिनांवरची टोपडी, खुर्च्यांचे गिलाफ, निम्म्याहून जास्त तिच्या हातचे. कानामागे खडू, कॉलरला सुया आणि ओठांत टाचण्या. टाचण्या धरून बोलायची तिला इतकी सवय झाली आहे की त्या नसल्या तरी ती ओठ जेमतेम विलगून बोलते. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं बाई रागावल्यात. ती खरंच रागावली की आधी टाचण्या तोंडातून काढून एकेक करून उशीत खोचते. तेवढ्या वेळात माणसानं निघून जावं हे बरं.

तिचं दुकान धक्क्यामागच्या गल्लीत होतं. खोली अरुंद पण लांबलचक, म्हणजे कॅनव्हास पसरायला अगदी मनासारखी. एका टोकाला मशीन, दुसऱ्या टोकाला खिडकी, आणि मध्ये गुडघ्यांवर आत्या. मग मालकानं निरोप पाठवला की इमारत पाडायची आहे, मोसम सुरू होण्याआधी खोली रिकामी करा. तिनं सगळी गल्ली पालथी घातली. मिळत होत्या त्या खोल्या तिसऱ्या मजल्यावरच्या, नाहीतर एवढ्याशा की कव्हर शिवायचं तर आधी त्याची घडी घालावी लागेल.

दादांकडे उपाय तयार होता. दादा विमा कंपनीच्या कचेरीत आहेत, आणि आयुष्यातल्या बहुतेक अडचणींवर त्यांच्याकडे उपाय तयार असतो. "चिमे," ते म्हणाले. आत्याचे दंड दादांच्या मांडीएवढे आहेत, पण लहानपणी ठेवलेलं नाव त्यांनी काही सोडलं नाही. "चिमे, आमच्याकडे ये. मागच्या खोलीत मशीन ठेव. उशांचे अभ्रे शिव, पडदे शिव. आम्हालाही सोबत होईल."

प्रेमानं म्हणाले, यात शंका नाही. पण आत्याला ऐकू आलं ते वेगळंच. उरलेला जन्म भावाच्या मागच्या खोलीत मटार सोलत बसायचं आणि जेवणाआधी भावजयीला विचारायचं, काही मदत करू का. आठवड्याभरात तिनं एक जुनी, रुंद पोटाची बोट विकत घेतली.

बेत सोपा होता. दुकान बोटीवर न्यायचं. गिऱ्हाईक पाण्यात उभं असतं, मग आपणही पाण्यातच जावं, त्याच्या शेजारी बोट लावावी, जागेवर माप घ्यावं आणि जागेवर शिवावं. मशीनला बॅटरीवर चालणारी मोटर बसवली की झालं. फक्त बोटीवर धंदा करायचा तर परवाना लागतो, परवान्यासाठी इन्स्पेक्टर येतो आणि इन्स्पेक्टर सगळ्यात आधी वायरिंग बघतो, कारण बोटी बुडतात त्यापेक्षा वायरींनी जास्त जळतात असं त्याचं ठाम मत. परवाना दुकान रिकामं करायच्या आत मिळाला तर मशीन बोटीवर जाणार. नाही मिळाला तर मागच्या खोलीत.

"हे काम प्रोफेशनल माणसाचं," दादांनी निकाल दिला. "आपण काय म्हणतो, प्रोफेशनल तो प्रोफेशनल." हे 'आपण काय म्हणतो' दादा कुठेही घालतात. ते आपण म्हणजे कोण, हे आमच्या घरात कोणालाही कळलेलं नाही.

धक्क्यावर बोटींचं वायरिंग करणारा प्रोफेशनल एकच. त्याला सगळे करूकी म्हणतात, कारण कोणी काहीही काम सांगितलं की तो म्हणतो, करू की. कधी, ते सांगत नाही. आत्यानं विचारलं तेव्हाही तो 'करू की' म्हणाला, आणि मग बोटानं धक्क्याभर लागलेल्या बोटी दाखवल्या. त्या सगळ्या तिच्या आधी होत्या. तिचा नंबर मोसम संपता संपता.

मग दादांनीच दुसरा प्रोफेशनल शोधला, आमच्या मामेबहिणीचे यजमान. ते घरांचं वायरिंग करतात, आणि अर्ध्या नात्यागोत्यातले दिवे त्यांच्या कृपेनं लागतात. जावईबापू नवे बूट घालून बोटीवर आले, सगळीकडे खिळे ठोकून वायरी ताणून बसवून गेले. काम दिसायला इतकं देखणं की दादा कौतुकानं भिंतीवरून हात फिरवत राहिले. एकेक वायर पट्टी लावून आखल्यासारखी सरळ, कोपऱ्यात काटकोन. बटण दाबलं, दिवा लागला. पंप घुरघुरला. दादा म्हणाले, "बघ. प्रोफेशनल तो प्रोफेशनल."

मग आत्यानं इंजिन सुरू केलं.

जुनं इंजिन, बोटीचं लाकूड दात वाजवल्यासारखं वाजायला लागलं. आधी डाव्या बाजूचा तांबडा दिवा लुकलुकला आणि गेला. मग पंप बंद पडला. धक्क्याला वळसा घालून येईपर्यंत सुरू राहिलं ते फक्त इंजिन आणि दादा. दादा समजावत होते की सुरुवातीला असं होतंच. आत्या ओठ आवळून सुकाणूपाशी उभी होती. दुसरा कोणी असता तर तिनं टाचण्या काढल्या असत्या, पण जावयाला कसं बोलणार? जावईबापू पाहुणचार घेऊन, उरलेल्या वायरीचं वेटोळं खांद्याला अडकवून कधीच गेले होते.

दुसऱ्या दिवशी ती तुटलेल्या वायरीचा तुकडा घेऊन करूकीच्या शेडमध्ये गेली. तो एका बोटीच्या पोटात डोकं खुपसून होता. तिनं तुकडा त्याच्या पायापाशी धरला. त्यानं बाहेर येऊन तो घेतला, दोन-चार वेळा वाकवला, आणि आतली एकुलती एक जाड तार काडीसारखी मोडून तिच्या हातात ठेवली.

"हे काम वाईट नाही हो," तो म्हणाला. "घराचं आहे. घर हलत नाही. बोट सारखी हलते." मग त्यानं आपल्या वेटोळ्यातली वायर कापून दाखवली. आत केसांसारख्या बारीक तारांचा झुपका होता. "ही वाकते. आणि अशी ताणून नाही बसवायची. टोकाशी थोडी सैल सोडायची."

"माया," आत्या म्हणाली.

"काय?"

"शिवणात सोडतो ती. कोपराशी माया नसली की पहिल्यांदा हात उचलला की बाही उसवते." ती हे टाचण्यांशिवाय आणि ओठ पूर्ण उघडून म्हणाली, आणि तिथेच उभ्या उभ्या तिचं ठरलं. "हे मीच करते," ती म्हणाली. "तुम्ही फक्त शिकवा."

करूकी 'करू की' म्हणाला नाही, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट. तो बराच वेळ डोकं खाजवत राहिला. शेवटी त्यानं एक अट घातली. बॅटरीवर चालणारं सगळं तिनं करावं, पण धक्क्यावरच्या खांबावरून बोटीत जो चढा प्रवाह येतो, बॅटरी भरायला, त्याला तिनं हात लावायचा नाही. "तो माणूस मारतो," तो म्हणाला. "तेवढं मी करीन. जेवणाच्या सुट्टीत." आत्यानं लगेच मान्य केलं. हट्ट कुठे करायचा आणि कुठे नाही हे तिला चांगलं कळतं. घरात ही अक्कल फक्त तिलाच मिळाली आहे असं तिचं म्हणणं.

दादांना कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. त्यांनी जळालेल्या बोटींच्या गोष्टी सांगितल्या, त्यांच्या कचेरीत तशा भरपूर येतात. त्यांनी आईला मध्ये घातलं, आईनं पडायला नकार दिला. त्यांनी असंही सांगून बघितलं की मागच्या खोलीला आता नवीन पडदे लावलेत. आत्यानं विचारलं, कोणी शिवले? बाहेरून शिवून आणले होते.

आत्यानं जावईबापूंचं सगळं उसवलं. तिनं उसवणं म्हणजे बघत राहावं असं काम असतं. एकही खिळा वाकला नाही, एकही भोक मोठं झालं नाही. मग तिनं नव्या वायरी आणल्या, आणि खडूनं बोटीच्या अंगावर रेघा आखून त्या बसवायला लागली. पण खिळ्यांनी नाही, दोऱ्यानं. कच्चा दोरा घ्यायचा, हातभर अंतरावर वायरीला सैल गाठ मारायची आणि आकड्याला अडकवायचं. कुठलंही कव्हर ती आधी असंच कच्चं टाचून बोटीवर चढवून बघते, पक्की शिलाई त्यानंतर. धक्क्यावरचे लोक येता-जाता आत डोकावून हसत. बर्फवाला म्हणाला, बाई बोटीला फ्रॉक शिवतायत. आत्यानं वर न बघता विचारलं की तुझंही माप घेऊ का, कापड पुरेल असं वाटत नाही.

शेवटी तिनं करूकीला बोलावलं. त्यानं बोटीत पाऊल टाकलं, सगळीकडे बघितलं, आणि एका खोक्यावर बसला. नुसता बसला नाही, पोट धरून बसला.

झालं होतं असं. आत्यानं वायरी रंग बघून आणल्या होत्या. जशा कापडाला दोरा, तशा दिव्याला वायरी. डाव्या बाजूच्या तांबड्या दिव्याला तांबड्या वायरींची जोडी. उजव्या बाजूच्या हिरव्याला हिरवी. पंप पाण्याचा, म्हणून निळी. मशीनवरच्या दिव्याला पिवळी, कारण केबिन आतून पिवळी होती. सगळं इतकं जुळलेलं की बोट वर्गात पहिली आलेल्या मुलीच्या दप्तरासारखी दिसत होती.

"छान दिसतंय," करूकी डोळे पुसत म्हणाला. "आता मला सांगा, या दोन तांबड्यांमधली बॅटरीकडून येणारी कुठली आणि परत जाणारी कुठली?"

आत्या तांबड्या वायरींकडे बघत राहिली. मग हिरव्यांकडे.

"उसवा," करूकी म्हणाला.

दुसऱ्या कोणी धीर सोडला असता. दादा तर त्याच दिवशी मागची खोली झाडायला लागले. पण गंमत अशी की उसवायला जेमतेम एक सकाळ लागली, कारण सगळं कच्चं होतं. दोरा ओढला की गाठ सुटे, वायर हातात येई. खिळे ठोकलेले असते तर दुकान रिकामं करायची वेळ तिथेच आली असती. करूकीनं हे बघितलं आणि हसणं थांबवलं. बराच वेळ तो एक गाठ बांधून आणि सोडून बघत होता. "हे मी पण करायला हवं," तो स्वतःशीच बोलला, आणि मग कोणी ऐकलं तर नाही ना ते बघितलं. मी ऐकलं होतं.

नव्या जोड्यांमध्ये सगळीकडे येणारी तांबडी आणि जाणारी काळी, धक्क्यावर सगळ्यांच्या असतात तशा. आपले रंग मात्र आत्यानं सोडले नाहीत. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना तिनं कॅनव्हासची बारीक पट्टी शिवली, हिरव्या दिव्याला हिरव्या दोऱ्यानं, पंपाला निळ्या. पुढच्या केबिनमधल्या बटणांखाली एक लांब पट्टी लावली आणि तिच्यावर दिवा, पंप, मशीन असं सगळं भरतकामात काढलं. वायर बटणापाशी शिरण्याआधी तिला खाली लोंबता वळसा दिला, म्हणजे वायरीवरून पाणी ओघळत आलं तर तिथूनच टपकावं. हे करूकी शिकवायला गेला तर ते आधीच केलेलं होतं. कव्हराच्या शिवणीवरून पाणी कसं वाहतं हे तिच्याइतकं कोण बघून आहे? मग टोकं पकडीनं चिमटून, दोऱ्यांच्या जागी पक्के पट्टे लावून काम पुरं झालं. करूकीनं आपलं चढ्या प्रवाहाचं काम केलं, जेवणाच्या सुट्टीत, आणि जेवण बोटीवरच केलं.

इन्स्पेक्टर आला त्या सकाळी दुकान जवळजवळ रिकामं झालं होतं. उरलं होतं फक्त मशीन, दारात, कुठे जायचं ते न ठरल्यासारखं.

माणूस उंच, किडकिडीत, हातात टॉर्च. आल्या आल्या तो तळाशी वाकला, आणि त्याचे फक्त बूट दिसायला लागले. दादा रजा टाकून आले होते. इन्स्पेक्टरनं विचारलं, "फ्यूज कुठे?" आत्यानं तोंड उघडायच्या आत दादा म्हणाले, "फ्यूजचं असं आहे साहेब, आपण काय म्हणतो, मुळात ही बाईमाणसाची..." इन्स्पेक्टर म्हणाला, "हं." त्यानं विचारलं, "वायरिंग कोणी केलं?" दादा म्हणाले, "आधी एका प्रोफेशनल माणसानं केलं होतं, त्याची जरा कथाच आहे."

आत्यानं ओठांतल्या टाचण्या काढल्या. एकेक करून उशीत खोचल्या. दादांनी ते बघितलं नाही, कारण ते कथा सांगत होते. मग ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "दादा, पुढच्या केबिनमध्ये माझी कात्री राहिलीय का बघतोस?" दादा आत गेले. कडी लागली.

मग इन्स्पेक्टरनं प्रत्येक जोड हातानं ओढून बघितला. ओढायचा, म्हणायचा 'हं', पुढच्याकडे जायचा. आत्याही शिवण अशीच तपासते, दोन्ही हातांनी ताणून, त्यामुळे ती खूश होऊन त्याच्या मागे मागे होती. मग त्यानं इंजिन सुरू करायला सांगितलं. लाकडानं दात वाजवले. तांबडा दिवा लागलेला, हिरवा लागलेला, पंप चालू. केबिनचं दार आतून ठोठावलं जात होतं, पण इंजिनाच्या आवाजात ते बोटीचंच काहीतरी वाटत होतं.

आणि हिरवा दिवा गेला.

धक्क्यावर जमलेल्या माणसांनी माना उंचावल्या. बर्फवाला हसायच्या तयारीत पुढे सरकला. इन्स्पेक्टरनं टॉर्च त्या दिव्याकडे वळवली आणि आत्याकडे बघून विचारलं, "आता समजा पाण्यात आहात, काळोख आहे, कोणी नाही. काय कराल?"

आत्यानं दिव्याकडे बघितलंसुद्धा नाही. नुसता हिरवाच गेला होता, तांबडा आणि पंप चालू, म्हणजे बॅटरी ठीक आणि मोठा फ्यूज ठीक. जोड त्यानं आताच ओढून बघितला होता. उरलं एकच. ती केबिनच्या दारापाशी गेली आणि तोंड दाराला लावून म्हणाली, "दादा, दुसरं बटण परत वर कर."

आतून आवाज आला, "अगं काळोख आहे इथे, मी दिवा शोधतोय."

"तुझा दिवा पाचवा. दुसरं वर कर."

हिरवा दिवा लागला. मग केबिनच्या फटीतून पिवळा उजेड आला, आणि आतून दादा म्हणाले, "हां, हे बरं झालं."

इन्स्पेक्टरनं टॉर्च बंद केली. त्या दिवशी तो पहिल्यांदाच 'हं' आणि प्रश्न सोडून काही बोलला. "बऱ्याच बोटींचं काम याहून गुळगुळीत असतं," तो म्हणाला, "पण दिवा गेला की मालक फोन शोधतो." मग त्यानं सही केली. करूकी आपल्या शेडच्या दारात उभा होता. त्यानं पुढच्या बोटीत डोकं खुपसलं, पण त्याचे कान लाल झालेले मी बघितले. हसताना त्याचे तसेच होतात.

मशीन त्याच दुपारी बोटीवर चढलं. करूकीनं एक बाजू धरली, बर्फवाल्यानं दुसरी, आणि दादा पुढे चालत सगळ्यांना वाट दाखवत होते, जरी वाट सरळ होती. संध्याकाळी आत्यानं बोट धक्क्यापासून सोडली, पहिल्या गिऱ्हाइकाच्या शेजारी नेऊन लावली आणि तांबडा-हिरवा दोन्ही दिवे लावून, ओठांत टाचण्या धरून माप घ्यायला लागली. मागच्या खोलीत आता दादांची सायकल आहे.

राहिली पैज. इन्स्पेक्टर येण्याआधी मी आत्याशी पैज लावली होती की तो एक तरी चूक काढणार. ती हरली तर तिनं माझ्यासाठी कॅनव्हासची मोठी बॅग शिवायची. मी हरले तर, मला नकलांची खोड आहे म्हणून, महिनाभर कोणाचीही नक्कल करायची नाही, निदान तोंडानं. आणि इन्स्पेक्टरनं कागदावर खाली एक ओळ लिहिली होती: केबिनच्या दाराला बाहेरून कडी नको. मी तो कागद नाचवत म्हटलं की ही चूकच झाली, बॅग शिव. आत्या म्हणाली, पैज वायरिंगची होती. शेवटी निवाडा दादांकडे गेला. त्यांनी चष्मा पुसला, कडीकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं, आणि मला वाटलं की झाली बॅग, कारण आत कोंडलेला माणूस आपल्या बाजूनं असायला काय हरकत होती.

"पैज विजेची, कडी लोखंडाची," दादा म्हणाले. "आपण काय म्हणतो, चिमी जिंकली."

आणि ते ज्या आवाजात हे म्हणाले, तो आवाज मला महिनाभर कोणाला काढून दाखवता येणार नाही.